रेघ कुणाच्या हातची? मिशिगनच्या तेरा जागांची गोष्ट

बेळगावात मराठी घरात वाढलेले श्री ठाणेदार २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेले, तेव्हा आपल्याकडे त्याचं कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण मिशिगन राज्याच्या ज्या १३व्या मतदारसंघातून ते निवडून आले, तो त्या आकारात वर्षभर आधी अस्तित्वातच नव्हता. तो नव्याने आखला गेला होता, आणि आखणारे ना आमदार होते, ना खासदार, ना न्यायाधीश. म्हाडाच्या घरांची निघते तशी सोडत काढून निवडलेली ती तेरा साधी माणसं होती.

मतदारसंघांच्या रेघा हा विषय रुक्ष वाटतो, म्हणून बहुतेक लोक तो सोडून देतात. माझ्या मते निवडणुकीतलं निम्मं राजकारण प्रचाराच्या आधीच, या रेघांत होऊन गेलेलं असतं. मिशिगनची गोष्ट त्यासाठी उत्तम, कारण एकाच राज्यात दहा वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या हातांनी रेघा ओढल्या आणि दोन्हींचे निकाल आपल्यासमोर आहेत.

आधी थोडी पायाभरणी. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात ४३५ जागा आहेत आणि हा आकडा वाढत नाही. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि लोकसंख्येच्या प्रमाणात त्या जागा ५० राज्यांत नव्याने वाटल्या जातात. मोटारींच्या कारखान्यांचा सुवर्णकाळ होता तेव्हा मिशिगनला १९ जागा होत्या. पुढे कारखाने आटले, माणसं टेक्सास-फ्लोरिडाकडे सरकली, आणि जागा १८, १६, १५, १४ अशा उतरत गेल्या. २०२०च्या जनगणनेत मिशिगनची लोकसंख्या थोडी वाढली होती, १ कोटी ७७ हजारांवर गेली होती. पण देश सात टक्क्यांहून अधिक वाढला आणि मिशिगन दोन टक्के, म्हणून आणखी एक जागा गेली. उरल्या १३. आपल्याकडे राज्यांमधलं लोकसभेच्या जागांचं वाटप १९७१च्या जनगणनेवर गोठवलेलं असल्यामुळे महाराष्ट्राच्या ४८ जागा हलत नाहीत. तिथे मात्र दर दशकाला हा हिशेब नव्याने मांडला जातो.

एक जागा गेली म्हणजे एक मतदारसंघ खोडला आणि बाकीचे तसेच राहिले, असं होत नाही. १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की एका राज्यातल्या सगळ्या मतदारसंघांत लोकसंख्या जवळजवळ सारखी हवी. मिशिगनमध्ये म्हणजे प्रत्येकी साधारण पावणेआठ लाख. एक रेघ सरकवली की शेजारची सरकते, आणि शेवटी अख्खा नकाशाच नवा होतो.

आता तो कुणी काढायचा? भारतात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग हे काम करतो. त्यातही उलथापालथ होतेच. २००९च्या निवडणुकीआधी पंढरपूर हा लोकसभा मतदारसंघ नाहीसा झाला आणि माढा उगवला, हे अनेकांना आठवत असेल. पण पेन निदान सत्ताधारी पक्षाच्या हातात नसतं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ते राज्याच्या विधिमंडळाच्या हातात असतं. म्हणजे ज्या पक्षाचं तिथे बहुमत, तोच विरोधकांच्या मतदारसंघांच्याही सीमा ठरवतो.

त्याने असा काय फरक पडतो, हे एका छोट्या गणितातून बघा. कागद-पेन्सिल घेतली तर दोन मिनिटांचं काम आहे. शंभर मतदारांचं एक गाव, त्यात पाच प्रभाग, प्रत्येकी वीस मतदारांचे. साठ जण एका पक्षाचे, त्यांना मोठा पक्ष म्हणू. चाळीस जण दुसऱ्याचे, तो लहान पक्ष. सरळ न्यायाने मोठ्याला तीन आणि लहानाला दोन प्रभाग मिळावेत. पण रेघा लहान पक्षाने ओढल्या तर? तो आपली माणसं तीन प्रभागांत अकरा-अकरा अशी मांडतो. तिथे समोर उरतात नऊ-नऊ. बाकीच्या दोन प्रभागांत मोठ्या पक्षाचे सतरा आणि सोळा लोक ठासून भरतो, आपले तीन आणि चार तिथे सोडून देतो. बेरीज करून पाहा: चाळीस आणि साठ, कुणाचं एकही मत चोरलेलं नाही, एकही बोगस मतदार नाही. तरीही लहान पक्षाचे तीन नगरसेवक आणि मोठ्या पक्षाचे दोन.

यात दोनच युक्त्या आहेत. विरोधकांची मतं थोड्या जागांत कोंबायची, म्हणजे तिथे ते गरजेपेक्षा फार मोठ्या फरकाने जिंकतात आणि जास्तीची मतं वाया जातात. उरलेली मतं फोडून अनेक जागांत विखरायची, म्हणजे तिथे ती थोडक्यात हरतात. या प्रकाराला अमेरिकेत ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर या पाली-सरड्यासारख्या दिसणाऱ्या प्राण्यासारखा वेडावाकडा होता. गेरी आणि सॅलमँडर जोडून शब्द झाला, आणि दोनशे वर्षांनंतरही त्याचा उपयोग संपलेला नाही.

मिशिगनमध्ये २०११ साली दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाकडे होतं. त्यांनी काढलेल्या नकाशातला १४वा मतदारसंघ डेट्रॉईटमधून निघून वाकडीतिकडी वळणं घेत उत्तरेला पॉन्टियाक शहरापर्यंत जात होता. वाटेत डेमोक्रॅट्सना मत देणाऱ्या वस्त्या तो एकेक करून पोटात घेत होता. पुढे कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा त्या काळातले ईमेल बाहेर आले. डेट्रॉईट परिसरातल्या चार काउंटींमधला, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांमधला, डेमोक्रॅट ‘कचरा’ फक्त चार मतदारसंघांत कसा कोंबायचा, याबद्दल एका रिपब्लिकन कर्मचाऱ्याने त्यांत लिहिलं होतं. तो ‘कचरा’ म्हणजे हाडामांसाचे मतदार होते, त्यांतले बरेच कृष्णवर्णीय. हे वाचून मला आजही राग येतो.

निकाल ठरल्याप्रमाणे लागला. २०१२ साली बराक ओबामांनी मिशिगन नऊ टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकलं. प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीतही राज्यभरची एकूण मतं डेमोक्रॅट्सना जास्त पडली. जागा मात्र १४ पैकी ९ रिपब्लिकनांना आणि ५ डेमोक्रॅट्सना. २०१४ला ९-५ आणि २०१६लाही ९-५. वारा कुठूनही वाहो, २०१८पर्यंत आकडा हलेना.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. सगळा दोष कारस्थानाचा नव्हता. डेमोक्रॅट मतदार मुळातच शहरांत दाटीने राहतात, त्यामुळे सरळ रेघा ओढल्या तरी त्यांची थोडी मतं आपोआप ‘कोंबली’ जातात. भूगोलाने जिथे थोडा उतार दिला होता, तिथे नकाशाकारांनी कडा करून ठेवला, इतकंच.

२०१६च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही या सत्तावीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या: मला मिशिगनमधल्या जेरीमँडरिंगचं काहीतरी करायचं आहे, कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा. ती राजकारणी नव्हती, वकीलही नव्हती. त्या दोन ओळींतून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही चळवळ उभी राहिली. राज्यघटना बदलणारा प्रस्ताव थेट मतदानाला आणायला सव्वातीन लाखांच्या आसपास सह्या लागत होत्या. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाख जमवल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव मंजूर केला आणि विधिमंडळाच्या हातातलं पेन काढून घेतलं गेलं.

हे वेळेत झालं हे बरं, कारण कोर्टाचा रस्ता लगेचच बंद झाला. एप्रिल २०१९ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयाने मिशिगनचा जुना नकाशा घटनाबाह्य ठरवला होता. पण दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशांचा निवाडा करणं फेडरल न्यायालयांचं काम नाही. मिशिगनचा निकालही त्याबरोबर गेला. उरला तो लोकांनी स्वतः मंजूर केलेला आयोग.

या आयोगाची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. तेरा सदस्य: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. मिशिगनमध्ये मतदार यादीत पक्षाची नोंद नसते, म्हणून अर्जदाराने आपला कल शपथेवर सांगायचा. गेल्या सहा वर्षांत उमेदवार, पदाधिकारी, लॉबिस्ट किंवा सल्लागार राहिलेल्यांना आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना बंदी. नऊ हजारांहून जास्त अर्ज आले. त्यांतून सोडतीने २०० नावं निघाली, विधिमंडळातल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांना मिळून २० नावं खोडण्याची मुभा होती, आणि उरलेल्यांतून पुन्हा सोडतीने तेरा. कुठलाही नकाशा नुसत्या बहुमताने मंजूर होत नाही. त्याला दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन आणि दोन अपक्ष सदस्यांचा पाठिंबा लागतोच. एकट्या गटाला दुसऱ्याला चिरडता येत नाही.

निकषांचा क्रमही घटनेतच ठरवून दिला आहे. सर्वात आधी समान लोकसंख्या आणि फेडरल कायदा. मग सलग भूभाग. त्यानंतर समान हितसंबंधांच्या वस्त्या एकत्र ठेवणं, म्हणजे डिअरबॉर्नचे अरब किंवा हॅमट्रॅमकचे बांगलादेशी अशा, ज्यांना आपला प्रतिनिधी एकच असावा असं वाटतं. त्याच्याही खाली कुठल्याच पक्षाला अवाजवी फायदा नको आणि विद्यमान खासदाराची सोय किंवा गैरसोय बघायची नाही. काउंटी आणि शहरांच्या सीमा पाळणं त्यानंतर येतं, आणि आकार आटोपशीर असणं सगळ्यांत शेवटी. म्हणजे नकाशा डोळ्यांना सुंदर दिसणं हा सगळ्यात कमी महत्त्वाचा मुद्दा. हे पटायला मला थोडा वेळ लागला. वेडावाकडा आकार संशयास्पद असतो हे खरं, पण चौकोनी आकारही अन्यायी असू शकतो आणि नागमोडी आकार एखाद्या वस्तीला एकत्र ठेवण्यासाठी असू शकतो.

करोनामुळे जनगणनेचे तपशील ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे बरेच उशिरा हाती आले. त्यानंतर आयोगाने लोकांसमोर, थेट प्रक्षेपण चालू असताना रेघा ओढल्या. हजारो नागरिकांनी सूचना दिल्या. एक चूक मात्र झाली. ऑक्टोबरमध्ये आयोगाने वकिलांबरोबर एक बैठक बंद दाराआड घेतली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला त्या बैठकीचं ध्वनिमुद्रण खुलं करायला लावावं लागलं. त्या बैठकीचा विषय होता वंश आणि मतदान हक्क कायदा, म्हणजे वांशिक अल्पसंख्याकांच्या मताला संरक्षण देणारा फेडरल कायदा. त्याच्याकडे आपण परत येऊ, कारण खरी दुखरी नस तिथेच आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा आठ विरुद्ध पाच मतांनी मंजूर झाला. राज्याच्या विधिमंडळासाठी आयोगानेच काढलेल्या नकाशांनाही अशीच झाडांची नावं होती, हिकरी आणि लिंडेन.

नकाशा जाहीर होताच खासदारांची धावपळ सुरू झाली. आयोगाने कुणाचं घर कुठे आहे हे पाहिलंच नव्हतं. हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे दोन डेमोक्रॅट खासदार डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या ११व्या मतदारसंघात एकमेकांसमोर आले. ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, स्टीव्हन्स सहज जिंकल्या आणि लेव्हिन यांची खासदारकी गेली. पश्चिमेला फ्रेड अप्टन आणि बिल हायझेंगा या दोन रिपब्लिकनांवर तीच वेळ आली होती. पस्तीस वर्षं खासदार राहिलेल्या अप्टन यांनी निवृत्ती जाहीर केली. डेबी डिंगेल डिअरबॉर्नमधलं घर सोडून अ‍ॅन आर्बरला राहायला गेल्या. खरं तर कायद्याने ते गरजेचं नव्हतं, उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असला तरी पुरतं. पण आपल्या मतदारसंघात घर नसलेला उमेदवार तिथेही लोकांना रुचत नाही.

ग्रँड रॅपिड्स या शहराचं उदाहरण तर खासच. राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेराल्ड फोर्ड यांचं हे गाव, दशकानुदशकं रिपब्लिकनांचं. नव्या नकाशाने त्याला सरोवराकाठच्या मस्कीगनशी जोडलं आणि ३रा मतदारसंघ खऱ्या लढतीचा झाला. तिथले रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांनी ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने मत दिलं होतं. प्रायमरीत ट्रम्पसमर्थक जॉन गिब्स यांनी त्यांना हरवलं, आणि प्रतिनिधीगृहाच्या निवडणुका सांभाळणाऱ्या डेमोक्रॅट्सच्या प्रचार समितीने सोपा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्याच गिब्स यांचं नाव पुढे करणाऱ्या जाहिरातींवर चार लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी स्कोल्टन निवडून आल्या. तेव्हा हा निकाल नकाशाने लावला की पैशाने की ट्रम्प यांच्या रागाने? तिन्हींनी. नकाशा लढत घडवतो, ती कोण जिंकणार हे चांगला नकाशा ठरवत नाही. पूर्वेला १०व्या मतदारसंघात रिपब्लिकन जॉन जेम्स यांनी कार्ल मार्लिंगा यांना साधारण सोळाशे मतांनी हरवलं, तीन लाखांहून अधिक मतदान झालेलं असताना.

राज्यभरचा निकाल होता सात डेमोक्रॅट, सहा रिपब्लिकन. त्याच दिवशी डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर दहा टक्क्यांच्या फरकाने पुन्हा निवडून आल्या, म्हणजे वारं डेमोक्रॅट्सच्या बाजूचं होतं आणि जागाही त्याच दिशेने पडल्या.

आता डेट्रॉईट. शहरात चारांतले तीनपेक्षा जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. जुन्या नकाशात तिथे कृष्णवर्णीय बहुसंख्येचे दोन मतदारसंघ होते. आयोगाच्या सल्लागारांचं म्हणणं असं की एवढी गर्दी म्हणजे ‘कोंबणं’च आहे, प्रमाण पन्नास टक्क्यांच्या खाली आणलं तरी या मतदारांच्या पसंतीचा उमेदवार निवडून येईल, आणि उरलेली मतं आजूबाजूला उपयोगी पडतील. म्हणून डेट्रॉईटच्या वस्त्या उपनगरांबरोबर जोडल्या गेल्या आणि १२वा व १३वा हे दोन्ही मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुसंख्येचे राहिले नाहीत. राज्याच्या नागरी हक्क विभागाने आधीच इशारा दिला होता, डेट्रॉईटचे आमदार कोर्टात गेले होते, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्यांची याचिका फेटाळली.

सल्लागारांच्या हिशेबात चूक कुठे होती? नोव्हेंबरमध्ये डेट्रॉईटमधून डेमोक्रॅटच निवडून येणार हे ठरलेलंच असतं. त्यामुळे तिथली खरी निवडणूक ऑगस्टमधली प्रायमरी. आणि प्रायमरीत कृष्णवर्णीय मतदार कुणाच्या मागे उभे राहतात, याची माहिती आयोगाकडे फार थोडी होती. भर होता नोव्हेंबरच्या आकड्यांवर.

डेट्रॉईटच्या दोन खासदारांपैकी रशिदा तलैब १२व्या मतदारसंघात गेल्या, ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, आणि १३वी जागा मोकळी पडली. नऊ डेमोक्रॅट उभे राहिले, त्यांत बरेच कृष्णवर्णीय. ठाणेदार रसायनशास्त्रातले डॉक्टरेट, उद्योजक, २०१८ मध्ये गव्हर्नरपदासाठी हरलेले आणि २०२१ पासून डेट्रॉईटचे आमदार. त्यांनी स्वतःचे काही दशलक्ष डॉलर प्रचारात ओतले. ते सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. दुसऱ्या क्रमांकावरच्या अ‍ॅडम हॉलियर यांना २३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. १९५५ साली चार्ल्स डिग्ज खासदार झाले, तेव्हापासून डेट्रॉईटला कायम निदान एक कृष्णवर्णीय खासदार होता. जानेवारी २०२३ पासून एकही नाही.

एक मराठी माणूस तिथवर पोचला याचा मला आनंद आहे, आणि त्यांनी कुठलाही नियम मोडलेला नाही. पण ज्या शहराने आपला आवाज मिळवायला पिढ्या घालवल्या, त्या शहराचं दुःख या आनंदाखाली झाकलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. मतदार कुणाच्या वंशाला बांधलेले नसतात हे खरं, पण डेट्रॉईटच्या लोकांनी हे असं व्हावं म्हणून मत दिलेलं नव्हतं. बहात्तर टक्के मतं त्या प्रायमरीत दुसऱ्या आठ जणांत विभागली गेली होती.

डिसेंबर २०२३ मध्ये तीन फेडरल न्यायाधीशांनी डेट्रॉईट परिसरातले विधिमंडळाचे १३ मतदारसंघ रद्द केले. कारण हेच: आयोगाने वंशाच्या टक्केवारीकडे बघून रेघा ओढल्या होत्या, आणि प्रायमरीतल्या परिणामाचा पुरेसा विचार झाला नव्हता. ते मतदारसंघ २०२४ मध्ये नव्याने आखले गेले. प्रतिनिधीगृहाचा चेस्टनट नकाशा त्या निकालात नव्हता. तो तसाच राहिला.

आणि तो तसाच राहिल्यामुळे २०२४ मध्ये एक छान पडताळा मिळाला. ट्रम्प यांनी मिशिगन दीड टक्क्याहून कमी फरकाने जिंकलं. डेमोक्रॅट खासदार एलिसा स्लॉटकिन सिनेटसाठी उभ्या राहिल्यामुळे लॅन्सिंगची ७वी जागा मोकळी होती, ती रिपब्लिकन टॉम बॅरेट यांनी घेतली. बाकीच्या बाराही जागा ज्याच्या त्या पक्षाकडे राहिल्या. आता सात रिपब्लिकन, सहा डेमोक्रॅट. जुना नकाशा २०१२ मध्ये वारा उलटा असूनही ९-५वर अडून बसला होता; हा नकाशा वाऱ्याबरोबर वळला.

दुसऱ्या राज्यांत मात्र वेगळंच चाललं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या रिपब्लिकनांनी दशक अर्ध्यावर असताना, जनगणनेची वाट न बघता, पाच जागा वाढवण्याच्या हेतूने नवा नकाशा केला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅट्सना फायद्याचा नकाशा मंजूर केला. एकाने पेन हिसकावलं की दुसऱ्यालाही ते खाली ठेवणं मूर्खपणाचं वाटू लागतं. मिशिगनच्या विधिमंडळाला असा बदल करता येत नाही, कारण ते पेन आता घटनेनेच आयोगाकडे दिलं आहे.

२०३०च्या जनगणनेच्या सुमारास पुन्हा नवी सोडत निघेल. कायद्याप्रमाणे किमान दहा हजार मतदारांना यदृच्छेने निवडून अर्ज टपालाने पाठवावे लागतात. त्यातली काही पाकिटं डेट्रॉईटच्या घरांतही पडतील. मिशिगनमध्ये मराठी मतदारही आहेत. कुणाच्या दारात ते पाकीट आलं, तर जाहिरात समजून टाकू नका. भरून पाठवा.